धाकाची नीती आणि विवेकाची नीती

देवाधर्माचा धाक उरला नाही म्हणून नीती बुडाली, हे वाक्य मराठवाड्यातील कोणत्याही शाळेच्या शिक्षकखोलीत, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात किंवा मोंढ्यातील आडतीच्या पेढीवर वारंवार ऐकू येते. लाच दिल्याशिवाय फाइल हलत नाही, परीक्षेच्या काळात केंद्राबाहेर कॉप्या पुरविणाऱ्यांची गर्दी उसळते, दुधात भेसळ होते, मुलीच्या लग्नात हुंड्यापायी बाप जमीन विकतो. आणि या सर्वांचे कारण एकच सांगितले जाते की, माणसे पूर्वीसारखी देवाला भीत नाहीत. हे निदान इतके सर्वमान्य झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. निदान चुकीचे असेल तर औषधही चुकीचेच दिले जाणार, एवढ्याच कारणासाठी तरी ते तपासले पाहिजे.

या विधानाच्या पोटात दोन निरनिराळी विधाने दडलेली आहेत. पहिले असे की, धर्मश्रद्धा नसेल तर चांगले काय व वाईट काय हे माणसाला कळणारच नाही. दुसरे असे की, कळले तरी श्रद्धेवाचून माणूस त्याप्रमाणे वागणार नाही. पहिले विधान नीतीच्या उगमाविषयी आहे, दुसरे नीतीच्या प्रेरणेविषयी. या दोहोंची गल्लत झाली की वादाला तोंड फुटते, पण निष्कर्ष हाती येत नाही. म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करणे श्रेयस्कर.

मानवतचा धडा

परभणी जिल्ह्याला या प्रश्नाची चर्चा पुस्तकी पातळीवर करण्याची मुभा नाही. १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या आरंभापर्यंत, दुष्काळाने होरपळलेल्या याच जिल्ह्यातील मानवत येथे कोवळ्या मुलींचे आणि स्त्रियांचे एकामागून एक खून झाले. मुंबईहून आलेले गुन्हे अन्वेषण विभागाचे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासातून जे चित्र न्यायालयापुढे ठेवण्यात आले, ते अंगावर काटा आणणारे होते. गुप्तधन मिळावे आणि अपत्यप्राप्ती व्हावी यासाठी पिंपळाखालच्या मुंजाला प्रसन्न करण्याच्या हेतूने हे बळी दिले गेले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. खटला वरच्या न्यायालयांपर्यंत गेला. काहींना शिक्षा झाली, काही निर्दोष सुटले. २०२४ साली या प्रकरणावर मालिका निघाली आणि ज्या पिढीने मानवतचे नाव केवळ कापसाच्या बाजारपेठेसाठी ऐकले होते, तिलाही हा इतिहास ठाऊक झाला.

कोणावर कोणता दोष सिद्ध झाला हा न्यायालयाचा विषय. येथे मुद्दा एवढाच की, ज्या मनोवृत्तीतून असे नरबळी दिले जातात, तिला अदृश्य शक्तीचे भय नसते असे मुळीच म्हणता येणार नाही. उलट, ते भय तेथे नको तितके असते. अलौकिक शक्ती आहे, ती पाहते आहे, ती फळ देते आणि कोपते, या सर्व गोष्टींवर बळी देणाऱ्याचा पूर्ण विश्वास असतो. त्याच्यापाशी उणीव असते ती वेगळ्याच गोष्टीची. समोरचे लेकरू आपल्यासारखेच जीव असलेले आहे, त्याची आई आपल्यासारखीच टाहो फोडणार आहे, ही जाणीवच तेथे नसते. भय होते आणि नीती नव्हती. यावरून निदान एवढे तरी सिद्ध होते की, भय आणि नीती या एकच वस्तू नव्हेत.

यावर श्रद्धाळू माणूस तत्काळ आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप रास्त आहे. तो म्हणेल, मानवतला जे घडले तो धर्म नव्हे, तो अधर्म होता. ती श्रद्धा नव्हे, अंधश्रद्धा होती. कोणत्याही सुज्ञ माणसाला हे मान्यच होईल. परंतु मान्य करताना एक प्रश्न विचारावा लागतो. धर्म कोणता आणि अधर्म कोणता हे ठरविले कशाच्या आधारे? मुंजाला मानणाऱ्याची श्रद्धा कमी उत्कट होती म्हणून ती अंध ठरली काय? तसे नाही. ती अंध ठरली, कारण तिने निरपराध जीव घेतला. म्हणजे श्रद्धा तपासण्याची कसोटी श्रद्धेच्या बाहेरची निघाली. माणसाचे दुःख, माणसाचा जीव, माणसाची प्रतिष्ठा ही ती कसोटी होय. श्रद्धा आणि अंधश्रद्धा असा भेद जो कोणी करतो, तो नकळत हे कबूल करतो की, नीती ही धर्माची लेक नसून धर्माची परीक्षक आहे.

हा विचार नवा नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने आपल्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडून हाच प्रश्न उपस्थित केला होता. देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते, की ती पवित्र असते म्हणून देवांना आवडते? पहिला पर्याय स्वीकारला तर उद्या देवाने नरबळी मागितला तर तोही पवित्र मानावा लागेल. दुसरा स्वीकारला तर चांगुलपणा देवाच्या आज्ञेपूर्वीही होताच, असे ठरते. देव दयाळू आहे असे म्हणणारा भक्तदेखील दया ही चांगली गोष्ट आहे हे आधीच जाणत असतो. अन्यथा त्याच्या स्तुतीला अर्थच उरणार नाही.

धर्माच्या आतून उठलेले आवाज

येथे धर्माला केवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली आणि दळण-कांडणाच्या कष्टातच तिने विठ्ठलाला सोबती केले. ज्या समाजात दासीच्या श्रमाला आणि शब्दाला किंमत नव्हती, तेथे वारकरी पंथाने तिला संतांच्या पंक्तीत बसविले. ही नैतिक क्रांतीच होती आणि ती धर्माच्या भाषेत झाली. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, गावे झाडली आणि कीर्तनातून बोकड मारणाऱ्या, कर्ज काढून सण करणाऱ्या माणसाला खडसावले. जोतीराव फुले निर्मिक मानीत होते. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या ग्रंथात त्यांनी ईश्वर नाकारला नाही, तर ईश्वराच्या नावाने लिहिल्या गेलेल्या विषमतेच्या पोथ्या नाकारल्या.

परंतु या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. त्या काळी धर्म म्हणून जे प्रचलित होते, त्याच्याशी या सर्वांनी झुंज घेतली. शिवाशिव हीदेखील धर्म म्हणूनच पाळली जात होती आणि ती पाळणारे लोक देवभीरू होते. संतांनी आणि सुधारकांनी ती अन्याय्य ठरविली तेव्हा त्यांच्या हाती जे माप होते, ते रूढ धर्माने दिलेले नव्हते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच मापाच्या जोरावर. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला बुद्धाचा धम्म स्वीकारला तोही अशाच विवेकाने. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांची भूमिका स्पष्ट दिसते. इतर धर्मांत जे स्थान ईश्वराला असते, ते धम्मात नीतीला आहे. त्यांनी धर्म टाकला नाही. पण धर्मानेच नीतीच्या कसोटीस उतरले पाहिजे असा आग्रह धरला.

तेव्हा पहिल्या विधानाचा निकाल लागतो. चांगले-वाईट कळण्यासाठी धर्मश्रद्धा अपरिहार्य नाही. किंबहुना, धर्मातील चांगले-वाईट कळण्यासाठीही माणसाला स्वतःचा विवेक वापरावा लागतो.

नास्तिकाचे वर्तन

आता दुसरे विधान. कळले तरी श्रद्धेवाचून माणूस तसा वागेल काय? याचे उत्तर तर्काने नव्हे, माणसांकडे पाहून द्यावे लागते, आणि महाराष्ट्राला त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गोपाळ गणेश आगरकर परलोक मानीत नव्हते. पदव्युत्तर शिक्षणानंतर मोठ्या पगाराची वाट मोकळी असताना त्यांनी शिक्षकाचे अल्प वेतन पत्करले, १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि पटलेले सत्य अप्रिय असले तरी लिहिले. सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. ते डळमळले नाहीत. १८९५ साली, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. स्वर्गाचे आमिष नाही, नरकाचे भय नाही, आणि तरी हे आयुष्य! धाकाच्या सिद्धांताला या आयुष्याचे स्पष्टीकरण देता येत नाही.

मराठवाड्याला त्याहून जवळचे उदाहरण नरहर कुरुंदकरांचे आहे. १९३२ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात मोडणाऱ्या भागात, त्यांचा जन्म झाला. नांदेडला त्यांनी शाळेत आणि पुढे महाविद्यालयात अध्यापन केले. ते उघडपणे नास्तिक होते. तरीही धर्मग्रंथांचा त्यांचा व्यासंग अनेक धार्मिकांना लाजविणारा होता. १९८२ साली ते अकाली गेले तेव्हा मराठवाड्यातील शिक्षकांच्या एका पिढीने आपला वडीलधारा हरपल्यासारखा शोक केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे सनदशीर लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला. मानवतच्या मुलींना जे संरक्षण मिळाले नाही, ते पुढच्या लेकरांना मिळावे म्हणून ज्याने जीव गमावला, तो ईश्वरावर विसंबून राहणारा नव्हता.

याचा अर्थ नास्तिकता हीच नीतीची हमी असाही नव्हे. स्टालिनच्या रशियात राज्यसंस्था ईश्वर मानीत नव्हती आणि तिने लाखो माणसांचे बळी घेतले. तेथे मुंजाची जागा इतिहासाच्या अटळ नियमाने घेतली होती, एवढाच फरक. हाडामांसाच्या माणसाहून मोठे काही तरी आहे, आणि त्यासाठी माणूस खर्ची पडला तरी चालेल, असे एकदा मानले की देव मानला काय आणि न मानला काय, परिणाम सारखाच होतो.

पापाचे दरपत्रक

धाकाच्या नीतीत आणखी एक गोम आहे, आणि ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लवकर दिसते. देव हा बिनपगारी पहारेकरी आहे, त्याची नजर चुकविता येत नाही, म्हणून श्रद्धा ही समाजाला स्वस्तात पडणारी पोलीसव्यवस्था आहे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. युक्तिवाद चांगला आहे. परंतु ज्या क्षणी हा पहारेकरी नवसाने प्रसन्न होतो, दानाने शांत होतो आणि तीर्थस्नानाने मागचे विसरतो असे मानले जाते, त्याच क्षणी पापाला किंमत लावली जाते. ज्या गोष्टीची किंमत ठरली, ती ज्याला परवडते तो ती विकत घेतो. वर्षभर मापात मारून वर्षअखेरीस अन्नदान करणारा व्यापारी, किंवा टेबलाखालून घेतलेल्या रकमेतला वाटा दानपेटीत टाकणारा कर्मचारी, हे ढोंगीच असतात असे नव्हे. अनेकदा ते प्रामाणिकपणे श्रद्धाळू असतात. त्यांनी आपला हिशेब ज्याचे नुकसान केले त्याच्याशी न मिटविता भलतीकडेच मिटविलेला असतो. ज्याचे क्विंटलमागे दोन किलो गेले, त्या शेतकऱ्याच्या पदरात त्या अन्नदानाने काय पडते?

परभणीच्या मोंढ्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येईल. या जिल्ह्यात हिंदू, मुसलमान, बौद्ध आणि जैन शेजारी शेजारी राहतात. दरवर्षी फेब्रुवारीत तुराबुल हक शाह यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक लोटतात. शेतकरी एका धर्माचा, आडत्या दुसऱ्या धर्माचा, हमाल तिसऱ्या आणि ट्रकचालक चौथ्या धर्माचा, असे असूनही सोयाबीनचा व कापसाचा व्यवहार चालतो, शब्दावर उधारी दिली जाते आणि बहुतेक वेळा ती फेडलीही जाते. नीती जर ज्याच्या त्याच्या धर्मश्रद्धेवरच उभी असती, तर परधर्मीयावर विश्वास ठेवणे हा मूर्खपणा ठरला असता. तो ठरत नाही, याचे कारण व्यवहाराच्या तळाशी सर्वांना समान असे काही तरी आहे. फसविले गेल्याचे दुःख सर्व धर्मांत सारखेच असते, हे प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते. अर्थशास्त्राचा जनक मानला गेलेला ॲडम स्मिथ याने १७७६ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथाआधी, १७५९ साली, नीतिभावनांवर एक ग्रंथ लिहिला होता. स्मिथ स्वतः सृष्टीच्या कर्त्याला मानणारा होता. तरीही दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याच्या शक्तीत त्याला नैतिक निर्णयाचे मूळ दिसले. प्रत्येकाच्या मनात एक निःपक्षपाती प्रेक्षक असतो आणि त्याच्या पसंतीस उतरावे असे माणसाला वाटते, हे त्याचे प्रतिपादन मोंढ्यातील अनुभवाशी जुळणारे आहे.

मानवतच्या भीषण घटना ज्या दुष्काळात घडल्या, त्याच दुष्काळात महाराष्ट्राने दुसरेही एक काम केले, याचे स्मरण ठेवण्यासारखे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला, आणि १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क ठरला. त्यासाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारपत्रकात दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम मूळची या कामाची. शहरातल्या पगारदाराने न पाहिलेल्या खडी फोडणाऱ्या मजुरासाठी वाटा उचलावा, तो मजूर कोणत्या देवाला मानतो हे न विचारता उचलावा, हा एक नैतिक संकल्पच होता. एकाच आपत्तीला दिलेली ही दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. एकाने संकट टाळण्यासाठी दुबळ्याचा बळी दिला. दुसऱ्याने संकटात दुबळ्याला हक्क दिला.

राज्यघटनेची भूमिका

भारताच्या राज्यघटनेने या वादात फार मोजक्या शब्दांत आपली बाजू नोंदवून ठेवली आहे. पंचविसावे कलम प्रत्येकाला धर्म मानण्याचे, पाळण्याचे व त्याच्या प्रसाराचे स्वातंत्र्य देते. परंतु हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहील असे तेथे आरंभीच म्हटले आहे. नीती धर्मातूनच निघत असती तर धर्मस्वातंत्र्याला नीतीची मर्यादा घालणे निरर्थक ठरले असते. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली ती कोणत्या ग्रंथाचा आधार घेऊन नव्हे, तर माणसाच्या समान प्रतिष्ठेचा आधार घेऊन.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वेस्थानकासमोर, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये दगडफेक व जाळपोळ झाली, धरपकड झाली आणि काही दिवसांतच अटकेतील एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्या घटनांनी हे शहर अंतर्बाह्य हादरले. त्या प्रकरणातील जबाबदारी निश्चित करण्याचे काम न्यायसंस्थेचे आहे. पण त्यातून उमगलेली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या ग्रंथाच्या अवमानाने इतके लोक व्यथित झाले, तो ग्रंथ कोणा एका धर्माचा नाही. आणि कोठडीतील माणसाच्या जिवाची चिंता ज्यांनी वाहिली, त्यांना तो कोणत्या देवाला मानत होता हे विचारावे लागले नाही. नाना धर्मांच्या लोकांना एकत्र राहायचे असेल तर सर्वांना बांधणारी नीती कोणाही एका श्रद्धेवर उभी करता येणार नाही, हे परभणीला कोणी निराळे शिकविण्याची गरज नाही.

शाळेत काय सांगावे?

मग श्रद्धाळू माणसाने श्रद्धा टाकावी काय? तसा निष्कर्ष यातून निघत नाही. नीतीला सवय लागते, सोबत लागते, कथा लागतात, आणि मन खचले असता धीर लागतो. वारीत चालणाऱ्याला, जुम्म्याच्या नमाजाला जाणाऱ्याला किंवा विहारात त्रिशरण घेणाऱ्याला ही शिदोरी त्याच्या धर्माकडून मिळत असेल तर ती मोलाचीच आहे. ज्यांना श्रद्धा नाही, त्यांनीही केवळ तर्कावर विसंबून भागत नाही. त्यांनाही संस्था, मित्र आणि आचरणाचा सराव लागतोच. धर्म हा नीतीचा एक आधार होऊ शकतो. तो तिचा उगम नाही, आणि तिच्यावर मालकी सांगण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नाही.

या भेदाला व्यवहारात महत्त्व आहे, आणि ते सर्वाधिक शाळेत आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी मारुतीला नारळ फोडून आलेला मुलगा दुपारी खिशातून कॉपी काढतो, तेव्हा त्याला त्यात विसंगती वाटत नाही. कारण त्याला लहानपणापासून असे सांगितले गेले की, वाईट वागलास तर देव शिक्षा करील. आणि देवाची तर त्याने सकाळीच समजूत घातलेली असते. त्याला कोणी असे सांगितले नाही की, त्याने चोरलेल्या गुणांमुळे जिंतूर किंवा पालमच्या एखाद्या खेड्यात रात्री जागून अभ्यास केलेल्या दुसऱ्या मुलाची जागा जाणार आहे. त्या मुलाचे नाव त्याला कधी कळणार नाही, पण त्याचे नुकसान खरे असेल. अन्यायाचा भार बहुधा अशाच न दिसणाऱ्या माणसावर पडतो. तो माणूस डोळ्यांसमोर उभा करण्याची सवय लावणे, हेच नीतिशिक्षण होय.

हीच गोष्ट कचेरीतील टेबलाला, पेढीवरील काट्याला आणि लग्नाच्या बैठकीला लागू आहे. देव्हाऱ्यापुढे दिवा लावावा की न लावावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु आपल्या कृतीचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न मात्र दिवा लावणाऱ्यालाही टळत नाही आणि न लावणाऱ्यालाही टळत नाही. मानवतच्या पिंपळाखाली तो कोणी विचारला असता, तर काही लेकरे जगली असती.